चाकापासून वर

जुन्या स्पोर्ट्‌स कारची प्रतिकृती स्वतःच्या शेडमध्ये बांधायला घेणारा माणूस बहुतेक वेळा इंजिनापासून सुरुवात करतो. कुठलं घ्यायचं, किती सीसीचं, गिअरबॉक्स कशाचा, यावर चहाच्या टपरीवर महिनोन्‌महिने खल चालतो. मग चासी होते, ॲक्सल लागतात, बॉडीशिवायची गाडी एका संध्याकाळी आवारात दोन चकरा मारते आणि पेढे वाटले जातात. त्यानंतर फायबरची बॉडी येते, चासीवर ठेवली जाते आणि काम अडतं. दार लागत नाही. बॉनेट एका बाजूला बोट जाईल इतकं उघडं राहतं, दुसऱ्या बाजूला घासतं. पुढचं चाक कमानीच्या मधोमध न बसता मागे सरकलेलं दिसतं. कोणीतरी म्हणतं, लांबी भरून घेऊ. लांबी भरली जाते, रंग लागतो, आणि गाडीत कायमचं काहीतरी खटकत राहतं. काय खटकतं ते मात्र बघणाऱ्याला सांगता येत नाही.

हे पुस्तक त्या खटकण्याविषयी आहे. इंजिन उघडून पुन्हा जोडणारे हात कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यांना माझ्या पुस्तकाची गरज नाही. बॉडी बसवणं हे मात्र आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या खात्यात जमा होतं, म्हणजे वाकलेलं सरळ करण्याचं काम. प्रतिकृतीत आधीपासून सरळ असं काही नसतंच. सरळ म्हणजे काय ते आपणच ठरवायचं असतं, आणि उशिरा ठरवून चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, बॉडी हा या कामाचा शेवटचा टप्पा समजला जातो, पण तो पहिला आहे. गाडीची सगळी मापं चाकाच्या मध्यबिंदूपासून वर चढत जातात. ती कागदावर पक्की होईपर्यंत चासीच्या पाइपला कटर लावू नये.

हे कोल्हापूरच्या कसबा बावड्यात बसून लिहिण्यालाही कारण आहे. बावड्याहून शहरात जाताना वाटेत नवा राजवाडा लागतो. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकातल्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मायबाख निघते, तेव्हा सोनं लुटायला आलेल्या गर्दीतली निम्मी माणसं गाडी बघायला आलेली असतात, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मायबाख ही जर्मन कंपनी इंजिन आणि चासी बनवी. बॉडी बहुतेकदा रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन या कारखान्यात बांधली जाई. सांगाडा एकाचा आणि अंग दुसऱ्याचं, ही त्या काळच्या उंची गाड्यांची रीतच होती. आपल्याकडे ट्रकच्या बाबतीत ती अजून टिकून आहे. कंपनीकडून चासी येते, बॉडी-बिल्डर तिच्यावर लाकूड, पत्रा आणि अँगल चढवतो. म्हणजे कोणाच्या तरी चासीवर दुसऱ्या कोणाची बॉडी बसवणं ही इथल्या माणसाला अनोळखी गोष्ट नाही. ट्रकला पाच मिलिमीटरचा फरक चालतो आणि स्पोर्ट्‌स कारला तो जीवघेणा ठरतो, एवढाच काय तो भेद.

बघून-बघून वस्तू बनवण्याची परंपराही इथली जुनी. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी परदेशी सिनेमायंत्रं न्याहाळून स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याची पेटी कुठलाही चांगला सुतार बनवील. अडचण आत असते. फिल्म दर वेळी नेमकी एक चौकट पुढे सरकली पाहिजे आणि क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे. ते साधलं नाही तर पेटी कितीही हुबेहूब असो, पडद्यावर चित्र थरथरतं. नक्कल पारखायची ती अशा जागी, जिथे दोन भाग एकमेकांना भेटतात.

जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण गाडीचंच आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतःच्या बुद्धीनं उभी केली. पहिला नमुना १९४९ चा, आणि पुढची दोन दशकं ते तिची नवनवी रूपं घडवत राहिले. उत्पादनाचा परवाना काही पदरात पडला नाही. मीरा ही कुणाची प्रतिकृती नव्हती, म्हणून ती या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही. तरीही तिचं नाव घेतल्याशिवाय कोल्हापूर जिल्ह्यात गाडी बांधण्याविषयी लिहिणं मला जमलं नसतं.

आता प्रतिकृतीकडे. या छंदाचं मूळ इंग्लंडात आहे आणि ते कराच्या कायद्यात रुजलेलं आहे. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये लोटस सेव्हन बाजारात आणली. तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून तरुण गिऱ्हाईकं गाडी खोक्यांतून घरी नेत आणि स्वतः जोडत. सुट्या भागांसोबत जोडणीची पुस्तिका दिली तर करसवलत जाते असा नियम होता, म्हणून चॅपमननं गाडी उलगडण्याची पुस्तिका दिली आणि लोकांनी ती शेवटून वाचली, अशी कथा सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमनं घेतले आणि ती गाडी आजही बनते. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियननं जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं आणि जगभर गॅरेजांतून चौकोनी पाइप कापायचा आवाज येऊ लागला.

सेव्हनची बॉडी म्हणजे जवळजवळ चासीचीच कातडी. नाक आणि चिखलपंखे सोडले तर सगळे सपाट पत्रे, तेही चासीच्या पाइपवरच रिव्हेट केलेले. चासी सरळ असेल तर बॉडी आपोआप सरळ बसते. पहिलीच गाडी बांधणाऱ्यानं हीच निवडावी असा माझा आग्रह आहे, आणि पुस्तकाचा पहिला भाग तिच्यावरच आहे. पण लोकांचं मन बसतं ते गोलाईच्या गाड्यांवर. एसी कोब्रा घ्या. कॅरोल शेल्बीनं १९६२ मध्ये इंग्लिश एसी एसच्या चासीत अमेरिकन फोर्डचं व्ही-आठ इंजिन घातलं. ॲल्युमिनियमचे पत्रे हातानं ठोकून आणि चाकावर फिरवून तिची बॉडी घडवली जाई. अस्सल कोब्रा हजाराच्या आसपासच बनल्या, प्रतिकृती मात्र त्याच्या कित्येक पट. किंवा पोर्शे ५५० स्पायडर. १९५३ ते १९५६ या काळात नव्वदच्या आसपास बनलेली, साडेपाचशे किलोची, बसक्या बांध्याची. ३० सप्टेंबर १९५५ रोजी जेम्स डीन हा नट अशाच गाडीत गेला आणि तिची कीर्ती कायमची झाली. या गाड्यांची बॉडी चासीच्या आज्ञेत राहत नाही. तिला स्वतःचं मत असतं.

आपल्याकडे या वाटेनं कोणी गेलंच नाही असं नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत शमा आणि गिडो बोथे या दांपत्याच्या चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली. बॉडी फायबरची, इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांतून ओळखीचं झालेलं १.८ लिटरचं इसुझू. गोव्यात वेर्ण्याला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन जणांची उघडी गाडी तयार होत होती, तिलाही फायबरचीच बॉडी आणि रेनोचं छोटं इंजिन. दोन्ही गाड्या मोजक्याच विकल्या गेल्या. व्यापार म्हणून त्या फसल्या की नाही हा माझा विषय नाही. चिंकारा जवळून पाहिली तर एक गोष्ट पटते: इथे मिळणारं इंजिन, इथे मिळणारा ॲक्सल आणि इथेच ओतलेलं फायबर यांतून माणूस ओळखीची, देखणी गाडी उभी करू शकतो.

मग आपल्या शेडमधल्या गाड्या का खटकतात? उत्तर चाकात आहे. स्पायडरचंच गणित मांडून दाखवतो, कारण बोलण्यापेक्षा आकडे लवकर पटतात. मूळ स्पायडरचा पुढच्या दोन चाकांमधला ट्रॅक १२९० मिलिमीटर, मागचा १२५०. आपल्याकडे असल्या गाडीसाठी भंगारातून मारुती ८०० आणली जाते, कारण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून सीटच्या मागे बसवता येतो. ८०० चा ट्रॅक पुढे १२१५ आणि मागे १२००. म्हणजे पुढचं प्रत्येक चाक बॉडीच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत जातं, मागचं २५. त्याहून वाईट म्हणजे टायर. ८०० च्या बारा इंची टायरची उंची ५१ सेंटिमीटरच्या आतबाहेर, तर स्पायडरच्या सोळा इंची टायरची ६० सेंटिमीटरच्या वर. इतका फरक कुठल्याही लांबीनं भरत नाही. बॉडी हुबेहूब असते, कमान हुबेहूब असते, आणि त्या कमानीत थोरल्या भावाची चप्पल घातलेल्या पोराच्या पायासारखं चाक हरवून जातं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे हबला स्पेसर लावून चाक बाहेर ढकलणं. चाक बाहेर येतं, पण बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात हिसके देतं. शहाणपणाचा उपाय आधीच करायचा असतो: चासी आणि विशबोन काढतानाच ट्रॅक मूळ गाडीचा धरायचा, आणि चाक उंच, अरुंद टायरचं शोधायचं. अँबॅसडरचं पंधरा इंची टायर त्या काळच्या उंचीच्या पुष्कळ जवळ जातं, आणि अजून मिळतं. आमच्याकडे हौशी पोरं रुंद टायरांवर जीव टाकतात. रुंद टायर आजच्या गाडीला शोभतो, पण पन्नासच्या दशकातल्या बॉडीखाली तो लावला की सगळी गाडी सुजल्यासारखी दिसते.

चाकामागोमाग व्हीलबेस. पोर्शे ३५६ च्या जगभरातल्या प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बांधल्या जातात, कारण इंजिनाची जात तीच. पण बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आणि ३५६ चा २१००, म्हणून तळ मधोमध कापून सुमारे तीनशे मिलिमीटर आखूड करावा लागतो. ज्यांनी तो कापायचा कंटाळा केला त्यांनी बॉडीच ताणली. त्या गाड्या लांबून बघितल्या तरी ओळखू येतात.

मापं पक्की झाली की साचा. साच्याच्या प्रकरणात मी कोल्हापुरी वाचकाला एक सल्ला दिलेला आहे, तो इथेच सांगून टाकतो: गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी पॅटर्नमेकरकडे जा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्‌ऱ्यांमुळे लाकडाचे पॅटर्न बनवणारे कसबी कारागीर आपल्याकडे आहेत. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे दहा मिलिमीटरच्या आसपास आखडतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरजवळ मुळातच ताणलेल्या मापाची पट्टी असते. साच्यातून वस्तू निघावी म्हणून उभ्या भिंतीला किती उतार द्यायचा, साचा कुठल्या रेषेवर उघडायचा, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. फायबरच्या बॉडीला हेच सगळं ज्ञान लागतं. रेझिनही सुकताना आखडतं. बॉडीही साच्यातून निघावी लागते, आणि कोब्राच्या चिखलपंख्यासारखी आत वळलेली कड असेल तर साचा तीन-चार तुकड्यांत करून फ्लँजनं जोडावा लागतो. गॅरेजमधला माणूस तयार वस्तू बघून तिच्यात काय बिघडलंय ते शोधतो. पॅटर्नमेकर वस्तू अजून नसताना तिच्या आतली हवा बघतो. साचा बनवायला ही दुसरी नजर हवी.

साच्याआधी प्लग, म्हणजे बॉडीचं पूर्ण आकाराचं रूप. प्लायवूडचे आडवे छेद कापून ठराविक अंतरावर चासीच्या मापाच्या सांगाड्यावर उभे करायचे, मधली जागा फोमनं भरायची, वर लांबी आणि मग घासकाम. घासायला हाताएवढा ठोकळा घेतला की लाटा राहतात. हातभर लांबीची लवचीक पट्टी हवी. शेवटी काळा चकचकीत रंग देऊन शेड अंधारी करायची आणि एक ट्यूबलाइट प्लगला समांतर धरायची. उजेडाची रेघ जिथे वाकडी होते तिथे बॉडी वाकडी आहे. डोळ्याला न दिसलेली चूक ती रेघ दाखवते, आणि ती दाखवते तेव्हा बरेच जण ट्यूबलाइट बंद करतात.

फायबरच्या रसायनावर एक अख्खं प्रकरण आहे, कारण बावड्यात ते पुण्यासारखं वागत नाही. पंचगंगा इथून हाकेच्या अंतरावर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ व २०२१ मध्ये ते ५५ फुटांच्या वर चढलेलं या भागानं पाहिलेलं आहे. पूर येवो न येवो, जून ते सप्टेंबर इथल्या हवेत ओल असते आणि काचेची मॅट ती पिते. ओल्या मॅटवर घातलेलं रेझिन नीट धरत नाही. थर वरून सुकलेला दिसतो आणि वर्षभरानं पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून मॅट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के, थंडीत वरच्या बाजूला, मे महिन्यात खालच्या. आणि रेझिनला वेग देणारं कोबाल्ट व हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच दुसरं. थेट ओतले तर स्फोट होऊ शकतो. हे वाक्य मी पुस्तकात चार ठिकाणी छापायला लावलं आहे. मुद्रकाला ती चूक वाटली होती.

आणखी एक गोष्ट. साच्यातून बॉडी लवकर काढू नका. ती कडक लागते, बोटानं वाजते, तरीही आतून पिकलेली नसते. काढून भिंतीला टेकवून ठेवली की हळूहळू पसरते आणि मग कुठल्याच चासीवर बसत नाही. शक्य असेल तर ती साच्यातच असताना आतून पट्ट्या आणि दाराच्या चौकटी चिकटवाव्यात.

पुस्तकाचा कणा म्हणजे बॉडी बसवण्याची पाच प्रकरणं. त्यांचा क्रम एकाच तत्त्वावर लावला आहे: ज्याला वाकवता येत नाही ते आधी. काच वाकवता येत नाही, म्हणून पुढची काच आणि तिची चौकट पहिली. चाक जागा बदलत नाही, म्हणून ते दुसरं. माणूसही फारसा बदलत नाही. पन्नासच्या दशकातल्या गाड्यांत पाय सरळ पुढे टाकून बसावं लागतं, आणि ज्याचं पोट स्टिअरिंगला लागतं त्यानं ते रंगकाम झाल्यावर शोधून उपयोग नाही. सीट बसवा, तिच्यात बसा, मग बॉडी खाली उतरवा.

ती उतरवण्याआधी जमिनीशी हिशोब करावा लागतो. शेडची फरशी कधीच सपाट नसते. चासी चार ठोकळ्यांवर चढवून पारदर्शक नळीतल्या पाण्यानं चारही कोपरे एका उंचीला आणायचे. ओळंबा सोडून चासीची मधली रेघ फरशीवर खडूनं उतरवायची. तिरपे कर्ण मोजायचे. आणि शॉकअब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी ठराविक लांबीच्या लोखंडी पट्ट्या लावायच्या, अशा लांबीच्या की माणूस, इंजिन आणि पेट्रोल भरलेली गाडी जितकी खाली बसेल तितकीच चासी आत्ताच बसावी. ही पट्टीची युक्ती पुस्तकातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. रिकाम्या चासीवर बॉडी बसवली की सगळं छान जुळतं. मग इंजिन येतं, गाडी दोन बोटं खाली बसते, आणि कमानीतलं चाकाचं केंद्र वर सरकतं.

बॉडी ठेवल्यावर तिला बोल्ट लावायचा नाही. लाकडी पाचरी, क्लॅम्प, आणि वाट बघणं. दारं आणि बॉनेट बिजागऱ्यांसह लावून घ्यायची, सगळ्या फटींत चार मिलिमीटरची पट्टी फिरवायची आणि बॉडी इकडेतिकडे सरकवत राहायची. फायबरच्या बॉडीच्या डाव्या-उजव्या बाजू कधीच अगदी सारख्या नसतात. फरक एका बाजूला ढकलू नये, दोन्हीकडे वाटून द्यावा. नजर एका वेळी गाडीची एकच बाजू बघते, या गोष्टीवर इथे आपला सगळा भरवसा असतो. रंगाचीही जाडी असते. प्राइमर, रंग, लॅकर असे थर चढले की चारची फट तीनची होते आणि घट्ट बसलेलं दार पहिल्यांदा उघडतानाच कडेचा रंग उडवतं.

पक्कं करताना बोल्टखाली रबर आणि मोठा वॉशर, भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं, आणि पाना हाताला लागेल तितकाच फिरवायचा. लोखंड आणि फायबर उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत. आवळून बसवलेल्या बोल्टभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात आणि ते कुठल्याही रंगातून वर येतात. वायरिंगवाल्यालाही एक गोष्ट बजावून सांगावी लागते: फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला बॅटरीपर्यंत स्वतःची अर्थची वायर हवी. पत्र्याच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेला माणूस दिवा बॉडीला टेकवतो आणि तो लागत नाही म्हणून स्विच बदलत बसतो.

कायद्याविषयी स्पष्ट बोलणं भाग आहे, नाहीतर हे पुस्तक वाचून कोणाचे तरी पैसे बुडतील. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे अधिक कडकपणे सांगितलं. म्हणजे मारुतीच्या कागदपत्रांवर स्पायडर रस्त्यावर आणता येत नाही. नवी गाडी म्हणून नोंद करायची तर प्रकार-मान्यता लागते, जी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचण्यांतून मिळते. तो खर्च कारखान्याला परवडतो, शेडला नाही. २०२१ चे विंटेज गाड्यांचे नियमही इथे उपयोगाचे नाहीत. ते पन्नास वर्षांवरच्या खऱ्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. गेल्या वर्षी ओतलेली बॉडी कितीही जुनी दिसली तरी कालचीच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तिचं देशभर कौतुक झालं, महिंद्रांनी त्या बदल्यात त्याला बोलेरो दिली. पण ती जीप नियमात बसत नाही हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुमची गाडी खाजगी आवारात, मालकाच्या परवानगीनं ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात चालेल. हे मान्य असेल तरच पुढचं पान उलटा.

बिल्ल्यांविषयीही माझं मत कडक आहे. प्रतिकृतीच्या नाकावर पोर्शेचा किंवा एसीचा बिल्ला लावू नये, आणि जुन्या चासी नंबरची पाटी तर मुळीच नाही. कोब्रा लाखो डॉलरला विकली जाऊ लागल्यापासून खोट्या पाट्यांचा धंदा जगभर झाला आहे. तुम्ही बांधलेल्या गाडीवर तुमचं, गावाचं आणि सालाचं नाव असलेली पितळी पट्टी लावा. ती ओतून देणारा माणूस उद्यमनगरात मिळेल.

हे पुस्तक ज्याच्याकडे वेल्डिंगचा हात आहे, शेड आहे आणि घरच्यांचा थोडासा तरी पाठिंबा आहे त्याच्यासाठी लिहिलं आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडेल. बाजासारख्या स्पर्धांसाठी ते उत्तम चासी बांधतात, आणि बॉडी म्हणून आदल्या रात्री पत्रा ठोकतात. इंजिन ट्यूनिंग, गिअरचे प्रमाण, ब्रेकचं गणित यांवर इथे काही नाही. त्यासाठी इंग्रजीत भरपूर आहे आणि गल्लीतल्या मिस्त्रीकडे त्याहून जास्त आहे. आकृत्या हातानं काढलेल्या आहेत आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. सुतारकामाच्या प्रकरणात तेवढी सुतं ठेवली आहेत, कारण पॅटर्नमेकरांपैकी एकानंही मिलिमीटरमध्ये बोलायला तयारी दाखवली नाही.

पुस्तक हातात पडेल तेव्हा मृग लागला असेल तर साच्याचं प्रकरण दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा आणि चौथ्या प्रकरणापासून वाचायला घ्या, म्हणजे मापांपासून. मॅट आणि रेझिन आत्ता आणून ठेवू नका. रेझिनचं आयुष्य मर्यादित असतं. कागद, पेन्सिल आणि ओळंबा पुरे. आणि त्या चार महिन्यांत जुन्या बाजारात फिरून अँबॅसडरची चार रिम मिळतात का ते बघा. वाकडी नसलेली.